क्लचची ऊब

वाशिंदहून नाशिककडे निघालेली मोटार कसाऱ्याच्या घाटास लागली, कीं चालकाच्या डाव्या पायाची परीक्षा सुरू होते. मालमोटारींची रांग थांबली म्हणजे पुष्कळ गृहस्थ ब्रेक न लावतां, अर्धवट दाबलेल्या क्लचवरच गाडी तोलून धरितात. साध्या क्लचचें अस्तर त्या घर्षणानें फार तापतें, पकड सुटूं लागते, जळका वास येतो. वडील माणसें व मुलें गाडींत असतांना भर चढावर हा प्रसंग नको. गाडी थांबतांच हातब्रेक ओढून ती न्यूट्रलमध्यें घ्यावी.

शर्यतीच्या मोटारींतील कार्बनच्या क्लचची तऱ्हा उलटी. त्याच्या चकत्या थंड असतांना घसरतात, तापल्यावर घट्ट धरितात. म्हणून फॉर्म्युला वनचे चालक शर्यतीच्या प्रारंभापूर्वींच त्या तापवून घेतात. हौशी लोक असा क्लच घरच्या गाडीसही बसवितात. (ही हौस आम्हांस फारशी पटत नाहीं.) त्यांनीं एक ध्यानांत ठेवावें : उभ्या गाडीचें इंजिन कितीही चालविलें तरी क्लचला फारशी ऊब मिळत नाहीं, ती चकत्या परस्परांवर घासल्यानेंच मिळते. वाशिंदच्या सपाटीवर कांहीं वेळां सावकाश गाडी हलवावी, एकदम जोर देऊं नये. पुढें सरळ रस्त्यावर चकत्या घासत नाहींत, त्यामुळें कसाऱ्यापर्यंत त्या पुन्हा निवतात. घाटांत प्रथम थांबून निघतांना तीच सबुरी पुन्हा धरावी लागते.