भृगू तलाव आम्ही पाहिला नाही

वाचकहो, हिमालयातील भृगू तलावाला जाऊन आलो, असे आम्ही वसाहतीत सांगितले होते. ते अर्धेच खरे आहे. तलाव थोडक्यावर राहिला आणि आम्ही माघारी फिरलो. का फिरलो, ते पुढे जाणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे, म्हणून लिहिण्याचा हा प्रपंच.

हिमाचल प्रदेशात मनालीहून रोहतांगकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुलाबा लागते. तेथून कुरणे चढत जायचे, एक रात्र तंबूत काढायची, दुसऱ्या दिवशी तलाव पाहून उतरायचे. तलावाची उंची ४२३५ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर, यावरून कल्पना यावी. जूनपर्यंत वर बर्फ असते, म्हणून आम्ही सप्टेंबर धरला. आम्ही सात जण, त्यात दोन भगिनी. वर्षभर भिशी लावून पैसे साठवलेले. तंबू व झोपण्याच्या पिशव्या मनालीत भाड्याने घेतल्या, एक वाटाड्या आणि त्याचा मदतनीस ठरवला.

जमाखर्च आमच्याकडे होता. पै-पैचा हिशेब चोख निघाला. चुकला तो उंचीचा. मनाली सुमारे २००० मीटरवर. तेथे एकच रात्र काढून दुसऱ्या रात्री आम्ही थेट ३८०० मीटरच्या आसपास मुक्कामाला! ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये, असा नियम आहे. आम्ही रजा वाचवायला गेलो.

मुक्कामाच्या जागेचे नाव रोला खोली. चाळीत वाढलेल्या आम्हांला नावाचेच हसू आले. खोली कसली, चहूकडे गवत, ओढ्याचे पाणी आणि समोर बर्फाची शिखरे. सूर्य कलताच थंडी अंगात शिरली. खिचडी शिजली, मुंबईहून नेलेली लसणाची चटणी निघाली. आमच्यातला एक वीस वर्षांचा मुलगा मात्र ताट पुढे सरकवून बसला. हा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारा, वाटेत सर्वांच्या पुढे.

"अरे, जेवत का नाहीस?" आमच्या सहचारिणींनी विचारले.

"भूक नाही, काकू."

डोके दुपारपासूनच ठणकत होते, हे त्याने सकाळी उलटी झाल्यावर सांगितले. भरतीच्या पोराने डोके दुखते म्हणायचे कसे, आणि आपल्यापायी सर्वांचे पैसे बुडायचे, ही धास्ती. वाटाड्याने त्याला टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. पाऊल रेषेबाहेर पडू लागले. वाटाड्या एवढेच बोलला, "हा आत्ताच खाली जाईल."

चार हजार मीटरच्या सुमारास हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. ताकदवान माणसालाही यातून सूट नाही. उलट तो भरभर चढतो आणि लवकर फसतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही सुरुवात. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असते आणि जिवावर बेतते. सवय होण्यास मदत करणारी गोळी मिळते, ती निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावी. पण एकदा तोल गेल्यावर वाट पाहू नये, खाली उतरावे.

"तुम्ही त्याला घेऊन उतरा, मी बघून येते," सहचारिणी म्हणाल्या. आम्हांला क्षणभर वाईट वाटले, खोटे कशाला बोला. मदतनिसाने मुलाला धरले, सॅक आम्ही पाठीवर घेतली. गुलाब्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याचे डोके हलके झाले होते. तरी मनालीत डॉक्टरांना दाखवलेच. वाटेत तो तीनदा म्हणाला, "काका, तुमचा तलाव राहिला." आता तो पुन्हा पहाटे धावतो.

तलावाचे वर्णन ऐकीव आहे. झाड एकही नाही, काठाला दगडांची रास, वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या. भृगू ऋषींनी तेथे तप केले, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. मनुस्मृतीही याच भृगूच्या तोंडून वदवलेली आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण त्याला पाणी काय करणार! आमच्या सहचारिणी काठाशी बसून ओंजळभर पाणी प्यायल्या. दात ठणकले, म्हणाल्या. मग आमच्या वाटणीची म्हणून आणखी एक ओंजळ प्यायल्या.