अस्वलाच्या तोंडात दोन दात कमी का?



बाजारात शेळी घ्यायची म्हटली की आपण आधी काय करतो? तिचा ओठ खाली ओढून दात बघतो. दोन दाती असली तर साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार दाती असली तर दोनच्या आसपास, आठही आले की जुळली. विकणारा काही का सांगेना, आपला विश्वास दातांवर.

जंगलातल्या जनावराचंही तसंच. नुसती कवटी मिळाली तरी ते काय खाऊन जगलं, हे जाणकार सांगतात. थंड मुलखातल्या अस्वलांच्या दाताच्या मुळाचा पातळ काप काढला, तर त्यात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. ती मोजून वय कळतं.

आता आपल्या महाराष्ट्रातलं अस्वल घेऊ. मेळघाट, ताडोबा, बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य, इथे ते आहे. त्याचे चार सुळे बघून कुणालाही वाटेल, हा वाघासारखाच मांस खाणारा. पण आतल्या दाढा बघा. वाघाच्या, अगदी घरच्या मांजराच्याही दाढा कात्रीसारख्या धारदार असतात, मांस कापायला. अस्वलाच्या दाढा चपट्या. बोरं, जांभळं, मोहफुलं चावायला त्या पुरतात.

खरी गंमत पुढच्या दातांत आहे. बहुतेक जातींच्या अस्वलांना ४२ दात असतात, आपल्या अस्वलाला ४०. वरचे अगदी मधले दोन नसतातच. ते पडलेले नसतात, तिथे मोठ्या अस्वलाला फटच असते. टाळूही लांब आणि पन्हाळीसारखी खोलगट. हे अस्वल नखांनी वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटतं, ओठांची नळी करतं आणि त्या फटीतून वाळवी सुर्र्कन ओढून घेतं. तो आवाज शंभर पावलांवरही ऐकू येतो म्हणतात. (आपल्या शेळीला तर वरचे पुढचे दात एकही नाहीत, पण तिला तिथे कडक हिरडी असते, पाला तोडायला.)

मग असं वाळवी आणि फळं खाणारं जनावर माणसावर का येतं? खायला नाही, दचकून. त्याची नजर अधू. वारुळात तोंड खुपसलेलं असताना पावलांची चाहूल लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भातल्या बाया भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जातात, अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. अंधारात दोघं अचानक समोरासमोर येतात, आणि मग ते सुळे, ती नखं थेट चेहऱ्यावर. तुमची लेक, बहीण तिकडे दिली असेल तर तिला सांगा : एकटी जाऊ नको, उजाडल्यावर जा, मोठ्यानं बोलत जा. पिल्लं दिसली तर मागं फिर. अंगावर आलंच तर पालथी पडून मानेवर दोन्ही हात घट्ट धर. जखमेवर घरगुती लेप नको, दवाखाना गाठायचा आणि वनखात्याला कळवायचं. भरपाई मिळते.

आपल्याकडे जुन्या बायांना अस्वल म्हटलं की दरवेशी आठवतो. लेकराच्या गळ्यात बांधायला त्याच्याकडून केस, नख घेतलेलं असतं. केसात आणि नखात जे असतं तेच अस्वलाच्यातही असतं, त्यानं भीती जात नाही. १९७२ च्या कायद्यानं अस्वलाची शिकार, त्याच्या नखा-दातांचा व्यापार, सगळा गुन्हा आहे. आणि ते नाचणारं अस्वल चावत का नव्हतं, माहीत आहे? लहानपणीच त्याचे सुळे तोडलेले असायचे आणि नाकातून दोर ओवलेला असायचा. २००९ च्या सुमारास देशातली अशी अस्वलं सोडवण्याचं काम जवळजवळ पुरं झालं. बरीचशी आग्र्याजवळच्या केंद्रात ठेवली. अस्वल गेलं तर पोट कसं भरायचं, हा त्या घरांचा प्रश्न होता. म्हणून पुरुषांना दुसऱ्या धंद्याला भांडवल दिलं, बायकांना हाताचं काम शिकवलं, मुलांना शाळेत घातलं.