शकुंतलेची अंगठी आणि नीनाचा पक्षी

महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात अंगठी नाही, दुर्वासाचा शाप नाही आणि दुष्यंताला विस्मृतीही झालेली नाही. पुत्राला घेऊन भर राजसभेत उभी राहिलेली ती तेजस्विनी राजाशी रोखठोक वाद घालते, राजा सर्व काही स्मरत असूनही लोकापवादाच्या भयाने तिला ओळख देत नाही आणि अखेर आकाशवाणी होऊन निवाडा लागतो. या उपाख्यानावरून कालिदासाने सात अंकांचे नाटक रचले, तेव्हा पुराव्याचा भार त्याने आकाशावरून काढून एका अंगठीवर टाकला. ओळखीच्या अंगठीची कथा एकट्या कालिदासाची नव्हे. कट्ठहारी जातकातला राजाही लाकडे वेचणाऱ्या स्त्रीला अशीच अंगठी देऊन जातो. परंतु कालिदासाने त्या अंगठीकडून जे काम करवून घेतले ते पाहिले, म्हणजे प्रतीक म्हणून ज्या वस्तूकडे आपण बोट दाखवतो ती आधी किती कष्टाळू वस्तू असावी लागते, हे ध्यानात येते.

अंगठी प्रथम दिसते ती पहिल्याच अंकात, आणि तीही प्रेमाची खूण म्हणून नव्हे. शकुंतलेकडून प्रियंवदेला दोन झाडांना पाणी घालून घ्यावयाचे आहे आणि त्या ऋणातून तिला सोडविण्यासाठी आगंतुक राजा आपली अंगठी पुढे करतो. सख्या तीवरील नावाची अक्षरे वाचून एकमेकींकडे पाहू लागतात, तेव्हा ही आपणास राजाकडून मिळालेली आहे, असे सांगून तो वेळ मारून नेतो. ज्या क्षणी माणूस आपले नाव लपवितो आहे, त्याच क्षणी त्याच्या हातातील मुद्रा ते नाव उघड करते आहे! प्रियंवदा ऋण तोंडी माफ करते आणि या अंगठीने बोटाला सोडून जाणे योग्य नव्हे, असे म्हणून ती परत देते. त्या सहज बोलण्यात पुढील सारा अनर्थ साठविलेला आहे. तरीही वाक्य शिष्टाचाराचेच राहते, भविष्यकथनाचा आव आणीत नाही.

पुढे गांधर्वविवाह, शाप, उःशाप आणि शचीतीर्थाच्या जळाला वंदन करताना गळून पडणे, या क्रमाने अंगठी कथेच्या अंतर्भागात उतरते आणि वर येते ती थेट एका कोळ्याच्या हाती. सहाव्या अंकाच्या आरंभीचा हा प्रवेश मला सबंध नाटकात असामान्य वाटतो. राजाच्या नावाची अंगठी विकावयास आणली म्हणून दोन शिपायांनी धीवराला मुसक्या बांधून आणले आहे. रोहित माशाच्या पोटात मुद्देमाल सापडल्याची त्याची कैफियत कोणी खरी मानीत नाही आणि त्याला सुळावर चढविण्यासाठी शिपायांचे हात शिवशिवत आहेत. एवढ्यात नगररक्षकांचा अधिकारी राजवाड्यातून परततो तो सुटकेचा हुकूम आणि अंगठीच्या मोलाइतके बक्षीस घेऊन. मग धीवर त्यातील अर्धे शिपायांना देतो आणि मंडळी मद्याच्या दुकानाकडे वळतात. ज्या वस्तूपायी एका राजाचे हृदय विदीर्ण व्हावयाचे आहे तिला कालिदासाने प्रथम चौकीवरून, बाजारभावातून, माशाच्या दुर्गंधीतून फिरवून आणले. एवढ्या प्रवासाने तिला जे वजन आले, ते शृंगाराच्या दहा श्लोकांनी आले नसते.

आणि मग हे वजन कवी स्वतःच काढून घेतो. पश्चात्तापदग्ध दुष्यंत अंगठीला दोष देऊ लागतो, पण लगेच भानावर येतो: ती तर अचेतन, सचेतन असून आपण काय केले? सातव्या अंकात पुनर्मीलन झाल्यावर तो तीच अंगठी शकुंतलेपुढे धरतो आणि ती नकार देते. माझा हिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच ती बाळगावी, एवढेच तिचे म्हणणे. माझ्या मते संपूर्ण नाटकाची परिणती या नकारात आहे. खुणेवाचून जिची ओळख पटली नाही, ती स्त्री अखेर खूण बाजूला सारून उभी राहते. आपल्या मराठी संगीत रंगभूमीचा प्रारंभ ज्या प्रयोगापासून मानतात, तो अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पुण्यातील 31 ऑक्टोबर 1880 चा प्रयोग पहिल्या चार अंकांचाच होता, म्हणजे शकुंतलेचे रिकामे बोट जेथे उघडे पडते तो राजसभेचा अंक त्या रात्री झालाच नाही.

असाच नकार रशियन रंगभूमीवर एका दुसऱ्या तरुणीने दिला. चेखॉव्हच्या ‘सीगल’मध्ये त्रेप्लेव्ह हा नवलेखक एक पक्षी मारून नीनाच्या पायाशी आणून ठेवतो. हे प्रतीक असावे, पण आपणास ते उमगत नाही, असे ती सरळ सांगते. पाश्चात्त्य वाङ्मयात प्रतीकवादाचा डंका वाजत असता चेखॉव्हने पात्राच्याच तोंडी हे घातले, ही गोष्ट लहान नव्हे. प्रख्यात लेखक त्रिगोरिन येतो आणि त्या मेलेल्या पक्ष्यावरून सुचलेली कथा वहीत टिपून घेतो: तळ्याकाठची एक मुलगी, आणि केवळ करमणुकीपायी तिचा नाश करणारा एक पुरुष. पुढे तो तेच करतो. चौथ्या अंकात इस्टेटीचा कारभारी त्याला आठवण देतो, की आपण भुसा भरावयास सांगितलेला हा पक्षी तयार आहे. त्रिगोरिनला काही आठवत नाही. दुष्यंताला अंगठीने स्मृती दिली. येथे वस्तू समोर असूनही स्मृती येत नाही, आणि दोष देण्यास कोणाचा शापही नाही. त्याच रात्री परतलेली, पोळलेली नीना स्वतःला सीगल म्हणते आणि लगेच ते खोडून काढते: नव्हे, मी नटी आहे. 1896 साली पीटर्सबर्गला हे नाटक साफ पडले आणि 1898 मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने ते उचलून धरले. त्या संस्थेने उडता सीगल आपले चिन्ह म्हणून घेतला.

जानेवारी 1904 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘चेरीच्या बागे’त हाच विचार पूर्णत्वास पोचला. राणेव्हस्कायाला त्या बागेत आपले बाळपण दिसते. त्रोफिमोव्हला पानापानांतून भूदास पाहताना दिसतात. भूदासांच्या कुळात जन्मलेला लोपाखिन भूखंड मोजतो. आणि वृद्ध सेवक फिर्सला आठवते ते एवढेच, की पूर्वी चेरी वाळवून गाड्या भरभरून मॉस्को आणि खार्कोव्हला जात, पण ती कृती आता कोणास ठाऊक नाही. मला फिर्सची साक्ष सर्वांत मोलाची वाटते. वाळविण्याची रीत विसरली गेली, म्हणून बागेचे उत्पन्न गेले. उत्पन्न गेले म्हणून ती लिलावात निघाली. बाग कोणाच्याही अर्थाला बांधली जात नाही, याचे कारण ती अखेरपर्यंत चेरी देणारी बाग आहे.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (1985) मधील धरणगावच्या देशपांड्यांच्या दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर याच जातीचा आहे. शेतीत यंत्र आणू पाहणाऱ्या घराण्याची हौस, पैशाची ओढाताण आणि मोडक्या वस्तूची विल्हेवाटही न लावू शकणारी हतबलता एवढे सारे त्या लोखंडात आहे, पण घरच्यांच्या दृष्टीने ती अंधारात पायाला लागणारी अडचण आहे. त्याच वाड्यात पिढीजात सोन्याचे दागिने आहेत. वहिनी एका रात्री ते सगळे अंगावर चढवून पाहते आणि पुढे घरातील मुलगी, रंजू, तेच घेऊन मुंबईच्या वाटेने पळून जाते. शकुंतलेने खूण परत केली. रंजूला तिची किंमत हवी आहे. धीवराच्या प्रवेशात कालिदासाने अंगठीचे मोल करून दाखविले होते. एलकुंचवारांनी ते मोलच घर फोडावयास पुरेसे ठरविले.