सूची सॉफ्टवेअर लावतं, तपासायची आपण

प्रबंध लिहिणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘झोटेरो टाकलंय, आता संदर्भांची काळजी नाही.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. झोटेरो, मेंडेली, एंडनोट यांपैकी संदर्भ सांभाळणारं कोणतंही साधन नोंद बरोबर आहे की नाही याची हमी देत नाही; हाती आलेली माहिती ते ठरलेल्या शैलीत मांडून देतं. ब्राउझरमधलं बटण दाबलं, की वेबपानावरचा तपशील उचलला जातो. तिथे वर्ष चुकलेलं असेल, तर तुमच्या सूचीतही चुकलेलंच येणार.

मराठी नोंदींना तर जास्तच जपावं लागतं. ‘महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ’ हे नाव नाव-आडनावाच्या दोन रकान्यांत विभागलं गेलं, तर सूचीत ‘मंडळ’ हे आडनाव होऊन बसतं. झोटेरोत रकान्याशेजारच्या बटणाने दोन्ही रकाने एक करता येतात. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांचे वि. का. राजवाडे संपादक. नोंदीत ‘लेखक’ तसंच राहू दिलं, तर त्यांनी जमवलेली जुनी पत्रं त्यांच्याच नावावर लागतात. हा फरक साधनाला ठाऊक नसतो, संशोधकाला असायलाच हवा.

‘ही साधनं परवडत नाहीत’ हेही सरसकट खरं नाही. एंडनोटला पैसे पडतात. झोटेरो २००६पासून मोफत आणि मुक्तस्रोत आहे. त्याची ३०० एमबीची मोफत मर्यादा ऑनलाइन ठेवलेल्या पीडीएफसारख्या फाइल्सपुरती आहे, नोंदींना ती लागू नाही.

‘संदर्भ दिला म्हणजे वाङ्मयचौर्य होत नाही’ ही समजूतही घातक. दुसऱ्याची वाक्यं जशीच्या तशी घेतली, तर संदर्भासोबत अवतरणचिन्हंही हवीतच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीनुसार साम्य मोजताना संदर्भसूची वगळतात. अवतरणाविना उतरवलेला परिच्छेद वगळत नाहीत.

‘शेवटी एकदम सूची करू’ असं म्हणणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं आणि पृष्ठक्रमांक कुठेच टिपलेला नसतो. तो क्रमांक सॉफ्टवेअर शोधून देत नाही. प्रत्येक उल्लेखाच्या वेळी आपणच भरायचा असतो. म्हणून वाचतानाच नोंद करा आणि टिपणाशेजारी पान लिहा.