बंदुकीची वंशावळ

अमेरिकेतील लहानमोठ्या शहरांतून शनिवार-रविवारी बंदुकांचे बाजार भरतात. जागा बहुधा जत्रेच्या मैदानावरील एखादे मोठे सभागृह असते. दाराशी तिकीट काढावे लागते. कोणी स्वतःची बंदूक विकण्यासाठी आणली असेल, तर ती रिकामी असल्याची खात्री करून तिचा बोल्ट प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला जातो. आत टेबलांच्या लांबच लांब रांगा असतात; ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे वर्षातून दोनदा भरणाऱ्या प्रसिद्ध बाजारात तर चार हजारांवर टेबले मांडली जातात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अहवालानुसार त्याआधीच्या वर्षी देशभरात असे चार हजारांहून अधिक बाजार जाहीर झाले होते. नवी पिस्तुले, शिकारीच्या बंदुका, चाकू, काडतुसे आणि लष्करी पोशाख असा सारा माल एका छपराखाली असतो. या गर्दीत एक वेगळा ग्राहक फिरत असतो. त्याला नवे काही नको असते. जगातील सैन्यांनी निकालात काढलेल्या जुन्या रायफली हा त्याचा छंद, आणि या छंदापायी त्याने स्वतःला एका जुन्या लिपीच्या अभ्यासकाप्रमाणे तयार केलेले असते.

रायफल हातात आल्यावर तो प्रथम नळीत उजेड पाडून आतील पिळदार खाचा झिजल्या आहेत का ते पाहतो. मग तिच्यावरील आकडे वाचू लागतो. जर्मनीच्या माउझर रायफलीवर मुख्य क्रमांकाशी जुळणारे आकडे लहानसहान भागांवरही उमटवलेले असत. हे सारे आकडे जुळले तर तिची किंमत चढते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांच्या हाती पडलेल्या माउझर रायफली पुढे खोलून, साफ करून, भागांची सरमिसळ होऊन पुन्हा जोडल्या गेल्या. त्यांचे आकडे जुळत नाहीत, आणि कित्येकींवरील नाझी स्वस्तिक ठोकून बुजवलेले असते. जपानी आरिसाका रायफलीवर सम्राटाचे सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल कोरलेले असे. शरणागतीच्या वेळी असंख्य रायफलींवरून ते घासून काढण्यात आले. ज्या रायफलीवर फूल शाबूत आहे ती बहुधा रणांगणावरून थेट उचलून आणलेली, म्हणून अधिक मोलाची. रशियाच्या मोसिन रायफलीवर चौकटीतील ‘एसए’ ही अक्षरे दिसली, तर ती फिनलंडच्या सैन्याने वापरली, असे समजावे. स्वित्झर्लंडच्या १९३१ च्या नमुन्याच्या कार्बाइनमध्ये तर दस्त्याच्या टोकाची धातूची पट्टी दोन स्क्रू काढून उघडली, की कधी कधी एक कागदाची चिठ्ठी मिळते. तिच्यावर ती बंदूक घरी सांभाळणाऱ्या सैनिकाचे नाव, गाव आणि पलटण लिहिलेली असते.

अशा बाजारात बनावटही पुष्कळ. साध्या रायफलीवर दुर्बीण चढवून तिला नेमबाजाची रायफल म्हणून खपवणारे असतात, घासलेले आकडे नव्याने ठोकणारे असतात, आणि आजोबांनी ही नॉर्मंडीहून आणली असे सांगणारेही असतात. म्हणून संग्राहकांमध्ये एक वचन रूढ झाले आहे: रायफल विकत घ्यावी, तिची गोष्ट विकत घेऊ नये. गोष्ट खरी असेल तर तिला कागदाचा आधार हवा. अमेरिकी सैनिकाला युद्धातील जप्त शस्त्र मायदेशी नेण्यासाठी वरिष्ठांच्या सहीचा दाखला मिळत असे. तो पिवळा पडलेला दाखला बंदुकीसोबत असेल, तर खरीदणारा निःशंकपणे जास्त पैसे मोजतो. थोडक्यात, हा सारा व्यवहार पुराव्यावर उभा आहे.

हा माल अमेरिकेत आला कसा, तीही कथा कागदोपत्रीच आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर युरोपातील कोठारांत लक्षावधी रायफली पडून होत्या. व्हर्जिनियातील सॅम्युअल कमिंग्ज यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्या घाऊक खरेदी करून अमेरिकेत आणल्या. काही डॉलरांत रायफल टपालाने घरपोच मिळे. पुष्कळांनी त्यांचे लाकूड कापून, नळी आखूड करून त्यांच्या शिकारी बंदुका बनवल्या. आज त्याच रायफली मूळ स्वरूपात राहिल्या असत्या तर कितीतरी महाग विकल्या गेल्या असत्या. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानाकडे टोपणनावाने अशीच एक मागणी आली. इटलीच्या सैन्याची १९४० साली बनलेली कार्कानो रायफल, दुर्बिणीसह, किंमत १९ डॉलर ९५ सेंट. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती याच रायफलीने. तिच्यावर सी २७६६ हा क्रमांक होता. तपास अधिकारी त्या क्रमांकावरून आयातदाराकडे आणि तेथून दुकानाकडे पोहोचले, आणि दुसऱ्या दिवसाची पहाट होईतो दुकानाच्या दप्तराच्या सूक्ष्मफितीत ली हार्वे ओस्वाल्डची ती मागणी सापडली. दुकानदाराने कागद जपून ठेवला होता, म्हणून ती रायफल कोणाची हे कळले.

१९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर अमेरिकेने शस्त्र नियंत्रण कायदा केला. टपालाने बंदूक विकणे बंद झाले, आणि लष्करी जुन्या बंदुकांची आयातही थांबली. १९८४ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरणाऱ्या लष्करी रायफलींना पुन्हा वाट करून दिली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर वंगणात बुडवून ठेवलेल्या मोसिन रायफलींच्या पेट्याच्या पेट्या आल्या, आणि कित्येक वर्षे शंभर डॉलरांच्या आत एक रायफल मिळत राहिली. आता तो ओघ आटला आहे. २०२१ साली अमेरिकी सरकारने रशियन शस्त्रांच्या आयातीला नवे परवाने देणे थांबवले, आणि एके काळी कोपऱ्यात रचून ठेवलेली मोसिन आज कित्येक पटींनी महाग झाली आहे.

कायद्याने पुराणवस्तू कशाला म्हणावे? सामान्यतः पन्नास वर्षे पूर्ण झालेली बंदूक त्या वर्गात मोडते. १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र तर या कायद्याच्या लेखी बंदूकच नाही. तीन वर्षांना तीस डॉलर भरून संग्राहकाला एक परवाना घेता येतो, आणि मग अशा जुन्या बंदुका परराज्यांतून थेट घरी मागवता येतात. त्या बदल्यात त्याच्यावर एक बंधन येते. परवान्यावर घेतलेली प्रत्येक जुनी बंदूक कोठून आली आणि विकली तर कोणाला गेली, याची नोंद त्याने बांधीव वहीत ठेवली पाहिजे. हजारो संग्राहक ही वही वर्षानुवर्षे बिनतक्रार लिहीत आले आहेत.

बाजारातील प्रत्येक टेबलामागे मात्र अशी वही नसते. परवानाधारक व्यापाऱ्याने बाजारातही अर्ज भरून घ्यावा लागतो आणि ग्राहकाची पार्श्वभूमी सरकारी यंत्रणेकडून तपासावी लागते. पण स्वतःच्या संग्रहातील बंदूक विकणाऱ्या खासगी माणसावर संघराज्याचा कायदा असे बंधन घालत नाही. समोरचा माणूस गुन्हेगार आहे हे ठाऊक असताना विकू नये, एवढाच दंडक. विचारलेच पाहिजे, असे नाही. १९९९ च्या त्याच सरकारी अहवालाने बाजारातील पाव ते निम्मे किंवा त्याहूनही अधिक विक्रेते बिनपरवाना असतात, असा अंदाज दिला होता. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो अशा राज्यांनी खासगी विक्रीलाही तपासणी लावली आहे, आणि २०२२ च्या कायद्याने नफ्यासाठी वारंवार विकणाऱ्याला व्यापारी मानण्याची व्याख्या रुंद केली आहे. तरीही अनेक राज्यांत दोन माणसांनी रोख पैसे मोजून, हस्तांदोलन करून व्यवहार संपवावा, हे आजही कायदेशीर आहे.

विसंगती आहे ती येथे. जो संग्राहक १९४३ साली ही रायफल कोणत्या पलटणीत होती हे जाणण्यासाठी भिंगातून आकडे तपासतो, तोच उद्या ती कोणाच्या घरात जाणार हे लिहून ठेवण्याला स्वातंत्र्यावरील घाला म्हणतो. भूतकाळाचा प्रत्येक कागद त्याला मोलाचा वाटतो. भविष्याचा कागद मात्र नकोसा वाटतो.

त्याच्या बाजूने बोलण्यासारखे नाही असे नव्हे. अमेरिकेतील बहुतेक खून पिस्तुलांनी होतात. साडेतीन-चार फूट लांबीची, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावी लागणारी आणि काडतुसांनाही दुर्मिळ झालेली रायफल गुन्हेगाराच्या फारशी कामाची नसते. त्याची भीती वेगळ्या प्रकारची आहे. नोंद झाली की यादी होते, आणि यादी झाली की जप्ती येते, असे तो मानतो. १९८६ च्या कायद्याने बंदुकांची राष्ट्रीय नोंदवही करण्यास संघराज्य सरकारला मनाई केली, ती याच भीतीपोटी.

ही भीती अगदी निराधार म्हणता येत नाही, याची साक्ष त्याच टेबलांवर भारतातून गेलेल्या बंदुका देतात. कोलकात्याजवळील इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ली-एनफील्ड रायफली अमेरिकी संग्राहकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. १९४७ पूर्वीच्या रायफलींवर राजमुकुट आणि ‘जीआरआय’ ही सम्राट जॉर्जची अक्षरे दिसतात. नंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी तयार केलेला इशापूरचा नमुनाही तेथे विकला जातो, आणि ‘केएफ’ ही अक्षरे बुडावर असलेली पुण्याजवळच्या खडकीची .३०३ काडतुसे अमेरिकी नेमबाजांनी पुष्कळ वापरली आहेत. त्यात एक चमत्कारिक बंदूक भेटते. बाहेरून ती हुबेहूब ली-एनफील्ड. पण नळीतील खाचा नाहीशा केलेल्या, आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवलेला. एका वेळी एकच .४१० बोअरचे काडतूस तिच्यात बसते. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांना इंग्रज सरकारने दिलेली ही बंदूक. उद्या हे शिपाई उलटले तर फौजेच्या रायफलीपुढे त्यांचा टिकाव लागू नये, असा त्यामागचा हिशेब उघड दिसतो. लॉर्ड लिटन यांच्या राजवटीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले, ते त्यातील अविश्वासामुळे. शासनाने नोंदवही हाती घेतली की तिचा उपयोग प्रजेला नि:शस्त्र करण्यासाठी होऊ शकतो, हे भारताने अनुभवले आहे.

पण या अनुभवातून निघणारा धडा संग्राहक काढतो त्याहून वेगळा आहे. १८७८ चा कायदा नोंद मागत होता म्हणून अन्याय्य नव्हता. एकाकडून नोंद मागत होता आणि दुसऱ्याला मोकळे सोडत होता, आणि तो करणाऱ्यांना प्रजेने निवडलेले नव्हते, म्हणून अन्याय्य होता. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला तेव्हा परवाना कायम ठेवला, पण वंशावरून केलेला भेद त्यात उरला नाही. अमेरिकी बाजारातील आजची स्थिती पाहिली तर भेद तेथेही आहे, फक्त त्याची दिशा वेगळी. व्यापाऱ्याने विचारावे, शेजारच्या टेबलावरील खासगी विक्रेत्याने विचारू नये. परवानाधारक संग्राहकाने वही लिहावी, बिनपरवान्याच्या संग्राहकाने लिहू नये. एकाच छपराखाली, एकाच वस्तूला दोन न्याय लागतात.

या दुहेरी न्यायाची किंमत जुन्या रायफलींनी नव्हे, तर त्याच टेबलांवरील दुसऱ्या मालाने वसूल केली. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. हल्लेखोरांकडील चारपैकी तीन बंदुका आदल्या वर्षी एका प्रौढ मैत्रिणीने बंदुकांच्या बाजारात खासगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या होत्या. अर्ज भरावा लागला असता तर आपण त्या घेतल्या नसत्या, असे तिने पुढे जाहीरपणे सांगितले. २००० साली कोलोरॅडोच्या मतदारांनी बाजारातील प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली. त्यानंतरही त्या राज्यात बाजार भरतच आहेत, आणि संग्राहक जुन्या रायफली घेतच आहेत.

म्हणूनच या सुधारणेचा आग्रह खरे तर संग्राहकानेच धरायला हवा. पुराव्याचे मोल त्याच्याइतके कोणाला कळते? बनावट शिक्का आणि खरा शिक्का यांतील फरक ओळखण्यात त्याने आयुष्य घालवलेले असते. कागद नसलेली बंदूक म्हणजे केवळ लाकूड आणि लोखंड, हे तो इतरांना शिकवत असतो. आज आपल्या हातून कोणाच्या हाती ती गेली ही ओळ त्याने वहीत लिहिली, तर ती त्या बंदुकीच्या वंशावळीतील पुढची पिढी ठरेल, आणि पन्नास वर्षांनी येणारा दुसरा संग्राहक तिच्याबद्दल त्याचे आभार मानील. ज्या स्विस सैनिकाने आपले नाव, गाव आणि पलटण कागदावर लिहून दस्त्यात सरकवली, त्याला त्यात अपमान वाटला नव्हता. शस्त्र आपल्याजवळ आहे आणि त्याचे उत्तर आपण देऊ, एवढेच त्या चिठ्ठीचे म्हणणे होते. आजच्या विक्रेत्याकडूनही समाज याहून अधिक काही मागत नाही.