घरमालकीण होण्यापूर्वी

मैत्रिणींनो, यजमानांचे निवृत्तीचे किंवा स्वेच्छानिवृत्तीचे पैसे हातात आले की घरात पहिला विषय निघतो तो फ्लॅटचा. "मोहोपाड्याला एक फ्लॅट घेऊन टाकू, भाडं येत राहील," असं कोणीतरी म्हणतं आणि मग सगळं घर त्या बोलण्याला लागतं. मुंबई-पुण्याच्या मध्ये, दांड फाट्यावरून आत वळलं की दहा-पंधरा मिनिटांत रसायनी. जाहिरातींतून नवी मुंबईचा विमानतळ अगदी उशाशी असल्यासारखा दाखवतात. भाडेकरू ठेवला की महिन्याच्या महिन्याला पैसे आपोआप येतील, असंही वाटतं. आपोआप काही येत नाही, बरं का! भाड्याचं घर म्हणजे चोवीस तासांचा एक संसारच, आणि तो बहुतेक वेळा आपल्यालाच करावा लागतो.

आधी गावाची नाडी पाहू. रसायनी हे नावच कारखान्यांनी दिलेलं. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला आणि पाताळगंगेच्या काठी वस्ती वाढत गेली. पुढे १९८२ साली रिलायन्सचा पाताळगंगेचा कारखाना सुरू झाला, औद्योगिक वसाहत भरत गेली. कंपनीच्या कायम कामगारांना कॉलनीत क्वार्टर्स होती. पण कंत्राटी कामगार, शिकाऊ मुलं, दुकानदार, शिक्षक यांना राहायला खोल्या हव्या होत्या. म्हणून मोहोपाडा-वासांबे परिसरातल्या मंडळींनी चाळी बांधल्या. दहा बाय बाराची खोली, पुढे पडवी, सामाईक नळ. त्या खोल्यांच्या भाड्यावर कितीतरी घरांतल्या मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली.

आणि मग मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने एचओसीचे इथले तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अवकाशयानाच्या इंधनासाठी लागणारं रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवायचा आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची, असं ठरलं. कामगार स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. एक मोठा कारखाना बंद झाला की त्याच्या भोवतीच्या खानावळी, शिकवण्या, किराणा, सगळ्यांनाच झळ लागते, आणि खोलीवर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागते. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण शहरातल्या घरमालकाचे भाडेकरू शंभर ठिकाणी नोकरी करतात; कारखान्याच्या गावातल्या घरमालकिणीचे भाडेकरू दोन-चार फाटकांतून आत जातात. त्यातलं एक फाटक बंद झालं की तुमची खोली चार-चार महिने रिकामी राहू शकते. म्हणून फ्लॅट पाहायला जाल तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातल्या नकाशाकडे पाहू नका; संध्याकाळी पाळी सुटताना रस्त्यावर उभ्या राहा. कोणत्या कारखान्याची माणसं किती, ती पनवेलकडे परततात की इथेच राहतात, हे तासाभरात कळतं.

आता थोडं गणित, वही घेऊन बसा. समजा, मुद्रांक-नोंदणी धरून फ्लॅट २५ लाखांना पडला आणि भाडं महिना ७ हजार ठरलं. वर्षाचे ८४ हजार. त्यातून सोसायटीचे महिन्याचे दीड हजार म्हणजे १८ हजार गेले, घरपट्टी ३ हजार, रंग-प्लंबर-मोटार यांचे सरासरी ८ हजार, आणि वर्षातून एक महिना घर रिकामं राहिलं तर ७ हजार. उरले ४८ हजार. म्हणजे शेकडा दोन रुपयेसुद्धा पडले नाहीत! हीच रक्कम पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवली असती (तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात), तर २०२४ च्या ८.२ टक्के दराने वर्षाला २ लाख ५ हजार व्याज आलं असतं. त्या व्याजावर कर पडतो हे खरं. पण भाड्यावरही पडतोच, फक्त घरपट्टी वजा केल्यावर दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट ३० टक्के सूट मिळते. कर्ज काढून घर घेत असाल तर आणखी नीट पाहा. २० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं, म्हणजे हप्ता १८ हजारांच्या घरात. भाडं ७ हजार. वरचे ११ हजार दर महिन्याला कोणाच्या खिशातून जाणार, हे आधी ठरवा आणि मग टोकनचा चेक फाडा.

"पण घराची किंमत वाढेल ना!" असं कोणी म्हणेल. वाढेलही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, कर्जतकडे जाणारा नवा रेल्वेमार्ग चौकवरून काढला आहे. पण वाढलेली किंमत हातात पडते ती घर विकल्यावर. दुधाचं बिल मात्र महिन्याला द्यावं लागतं. निवृत्त जोडप्याचं सगळंच्या सगळं पुंजीधन एका फ्लॅटमध्ये घालणं मला तरी पसंत नाही. निम्मं बाजूला असू द्या.

घेण्याचं ठरलंच, तर कागद पाहा. जमीन बिनशेती झाली आहे का, बांधकामाची परवानगी कोणी दिली, भोगवटा दाखला मिळाला का, मे २०१७ पासून आलेल्या महारेराकडे नोंदणी आहे का. नुसता ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवून "सगळं रीतसर आहे" म्हणणारा भेटला, तर चहा पिऊन घरी या. पाताळगंगेच्या अंगाला घर असेल तर पूररेषाही विचारा. जुलै १९८९ च्या पुरात रिलायन्सचा कारखानाच पाण्याखाली गेला होता. तळमजल्याच्या फ्लॅटची काय कथा!

आता भाडेकरू. आपल्याकडे घरमालकांच्या मनात भाडेकरूची जी धास्ती आहे, तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. लोक मग भाडेकरार न करता लिव्ह अँड लायसन्स करू लागले. तर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते ते भाडेकरू ठरले! तेव्हापासून "अकरा महिन्यांवर एक दिवस नको" हे वाक्य घरोघर पाठ झालं. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि लायसन्सवर दिलेल्या घराच्या मालकाला बरंच संरक्षण मिळालं. मुदत संपूनही राहणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. मात्र त्याच कायद्याने एक जबाबदारी सरळ मालकावर टाकली आहे: करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. तो नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं समजणाऱ्या पुष्कळजणी आहेत. ती नोंदणी नव्हे!

हा कायदा परिशिष्टात दिलेल्या शहरांना आणि गावांना लागू आहे. तुमचं गाव त्या यादीत येतं का, हे खालापूरच्या एखाद्या वकिलांकडून पाहून घ्या. येत नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, आणि महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस. यादीत असो वा नसो, नोंदणी कराच, कारण ती स्वस्त आहे. अकरा महिन्यांचे ७७ हजार, अनामत २० हजार धरली तर तिच्यावर दहा टक्क्यांनी मानलेलं व्याज सुमारे दोन हजार. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे दोनशेच्या आसपास. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी पाचशे. घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी वेगळी. रसायनी पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हाही त्यातलाच भाग. ऑनलाइनही देता येते.

कोणाला घर द्यावं? इथे मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. आपण बायका दारात उभं राहून पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो, दुसरा "नॉनव्हेज खाता का?" हा. त्यातून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. पगाराची पावती, कंपनीचं किंवा कंत्राटदाराचं ओळखपत्र, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागा, आणि तो फोन खरोखर लावा. कंत्राटी मुलं चार-पाच मिळून राहतात. त्यांना सरसकट नाही म्हणू नका, या गावात तीच तुमची गिऱ्हाइकं आहेत. फक्त करारात सगळ्यांची नावं घाला, म्हणजे एक जण काम सोडून गावी गेला की भाडं अर्ध्यावर येणार नाही. सोसायटीवाले "भाडेकरू ठेवलात, महिना हजार जादा द्या" म्हणू लागले तर ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश दाखवा: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

आणखी एक खास आपला प्रश्न. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांकात एक टक्का सवलत मिळू लागली. त्यामुळे घरं आपल्या नावावर होऊ लागली, ही आनंदाची गोष्ट. पण कितीजणींना भाडेकरूचं नाव माहीत आहे? भाडं कोणाच्या खात्यात जमा होतं? करारावर सही आपली, आणि नळ गळला की फोनही आपल्यालाच. पैसे मात्र "त्यांच्या" खात्यात, असा प्रकार मी पाहते. भाडं आपल्या नावाच्या खात्यात घ्या. यजमानांनी दिलेल्या पैशांतून घर घेतलं असेल तर त्या भाड्यावरचा कर त्यांच्या उत्पन्नात धरला जातो, हे खरं. म्हणून खातंही त्यांचंच असलं पाहिजे असं मुळीच नाही. घरमालकिणीला तिचं घर काय मिळवतं हे ठाऊक नको का?

पावसाळ्याचं तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यातच गच्चीचं आणि खिडक्यांवरच्या सज्जांचं वॉटरप्रूफिंग पाहून घ्या. जुलैत भिंतीला ओल आली की भाडेकरू ऑगस्टचं भाडं अडवतो, आणि त्याचं फारसं चुकतंही नाही. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतील. तो ऐकू नका; भाडे कायद्याखाली तो गुन्हा आहे. दोन महिन्यांचं थकलं की लेखी नोटीस द्या, तिसऱ्याची वाट पाहू नका.

किल्ली देताना आणि परत घेताना विजेच्या मीटरचा फोटो भाडेकरूच्या समोर काढा. मीटर तुमच्या नावावर असतो. तो गेल्यावर राहिलेलं बिल महावितरण तुमच्याकडेच मागणार. पंखे किती, ट्यूब किती, बेसिनला तडा आहे का, याची यादी करून दोघांनी सह्या करा. आणि तो सोडून जाईल तेव्हा या यादीवरून हिशेब करून उरलेली अनामत त्याच दिवशी परत द्या. मोहोपाड्याचा बाजार लहान आहे. कोणाची अनामत अडकली, हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळतं, आणि तुमचा पुढचा भाडेकरू तिथेच चहा पीत बसलेला असतो.