सागरापार गेलेल्या पूर्वजांचा शोध

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यांत चिंचवडला माझ्या घरीं एक तरुण पाहुणा आला होता. चाकणच्या एका कारखान्यांत कांहीं आठवड्यांच्या कामासाठीं तो मॉरिशसहून आला होता. माझा एक जुना विद्यार्थी त्याला घेऊन आला. पाहुण्यानें वांकून नमस्कार केला आणि शाळेंत शिकलेल्या जपून बोलायच्या मराठींत विचारलें, "गुरुजी, आमचे खापरपणजोबा कोंकणांतून गेले. त्यांचें गांव सांपडेल का?" त्याच्यापाशीं होतें तें एवढेंच: पूर्वजाचें नांव, कुलदेवतेचें नांव आणि 'रत्नागिरी' हा एक शब्द. अशा शोधाची रीत कोणती, तें आज थोडक्यांत सांगतों.

प्रथम हीं माणसें गेलीं कां, तें पाहूं. मॉरिशसमधील गुलामगिरी 1835 सालीं बंद झाली आणि उंसाच्या मळेवाल्यांना मजुरांची वाण पडली. 1834 पासून 1910 पर्यंत हिंदुस्थानांतून सुमारें साडेचार लाख माणसें करारावर त्या बेटांत गेलीं. पुष्कळशीं कलकत्त्याहून व मद्रासेहून गेलीं. मुंबई बंदरांतूनहि हजारों गेलीं, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा या बाजूंचीं मराठी माणसें होतीं. त्यांचे वंशज आजहि तेथें मराठी शिकतात, गुढी उभारतात. गणेशचतुर्थीची तर त्या देशांत सार्वजनिक सुट्टी असते.

जहाज पोर्ट लुईला लागलें कीं प्रत्येक माणसाची नोंद होई. ज्या आवारांत ही मोजदाद चाले, तें 'आप्रवासी घाट' या नांवानें आज प्रसिद्ध असून 2006 पासून जागतिक वारसास्थळांत गणलें जातें. नोंदवहींत नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, अंगावरील खुणा, गांव, परगणा, जिल्हा, जहाज आणि मळेवाल्याचें नांव अशीं सदरें असत. 1860 नंतरच्या दशकांत छायाचित्रेंहि घेतलीं जाऊं लागलीं. ही तजवीज मायेपोटीं नव्हती; करार मोडून पळालेला मजूर हुडकतां यावा, हा तिचा हेतु होता. तीच दप्तरें आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविलीं आहेत.

आतां शोधाची रीत. ती वरून खालीं नव्हे, तर खालून वर जाते. आधीं आपला, मग बापाचा, मग आजाचा जन्माचा, विवाहाचा वा मृत्यूचा दाखला, अशा पायऱ्या चढत मूळ पुरुषापर्यंत जावें. त्याच्या दाखल्यावर बहुधा त्याचा क्रमांक आढळतो. या शोधांत नांवापेक्षां क्रमांक मोलाचा. कारण तेथें आडनांवें मागें पडलीं आणि बापाचें नांवच पुढें आडनांव होऊन बसलें. सखाराम नांवाचे पुरुष वहींत पुष्कळ असतील. क्रमांक मात्र एकालाच.

क्रमांक मिळाला कीं गांवाचें नांव मिळतें, आणि खरी अडचण तेथून सुरू होते. कारकुनानें कानीं पडलें तसें इंग्रजी लिपींत लिहिलेलें असतें. शिवाय त्या वेळचा जिल्हा म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. देवगड, मालवण, वेंगुर्लें हे तालुके 1981 सालीं सिंधुदुर्ग जिल्हा झाला तोंवर रत्नागिरींतच होते. म्हणून वहींतील 'रत्नागिरी' आजच्या दोन्ही जिल्ह्यांत शोधावी लागते. एकाच नांवाचीं दोन-तीन गांवें निघालीं म्हणजे कुलदेवता उपयोगी पडते. आडनांव विसरलेल्या घरानेंहि देव सांभाळलेला असतो, आणि तो देव कोणत्या गांवच्या कोणत्या भावकीचा, हें गांवांतले जाणते सांगूं शकतात. गांव व आडनांव ठरलें, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत मागें राहिलेल्या भावांची वंशावळहि मिळण्याचा संभव असतो.

अशी धडपड करणारे आपणच आहों असें नाहीं. 1845 नंतरच्या दुष्काळांत आयर्लंडांतून लाखों लोक अमेरिकेला गेले. त्यांचे वंशजहि आज गांव धुंडाळीत येतात. पण 1922 सालीं डब्लिनचें सरकारी दप्तरखाना जळाला आणि त्यांच्या कित्येक वाटा बुजल्या. आमच्या मजुरांचीं दप्तरें शाबूत आहेत, हें भाग्यच म्हणावयाचें. या शोधाला व्यवहाराचीहि बाजू आहे: 2024 सालीं भारत सरकारनें मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या ओळखपत्राची वाट मोकळी केली.

असो. आमच्या पाहुण्यानें बहिणीकडून त्या नोंदीचा उतारा मागविला. गांवाचें नांव पुरतें लागलें नाहीं. दोन गांवांवर संशय राहिला आहे. पण एक गोष्ट त्याला कळली: त्या मूळ पुरुषाच्या बापाचें नांव. तो कागद मला दाखवितांना तो म्हणाला, "गुरुजी, हे इकडेच राहिले. यांचें कोणीच आम्हांला सांगितलें नव्हतें."

श्रोतेहो, त्या बापाचें घर कोंकणांत कोठें तरी असेल, आणि त्याचे वंशज कदाचित् आपल्याच शहरांत कामधंद्याला आलेले असतील. तेव्हां घरांतील वडील माणसांना विचारा: आपल्यापैकीं कोणी समुद्रापार गेलें होतें का? नांव, गांव, कुलदेवता वहींत उतरून ठेवा. तिकडची वही तयार आहे. इकडची मात्र अजून लिहावयाची आहे.